‘चांदलो प्रथा बंध’ आणि आमची वास्तुशांत

आहेर घ्यायचा नाही हे मी नव्या घराची चावी हातात यायच्या आधीच ठरवलं होतं. २०२४ चा ऑगस्ट संपत आला होता, बडोद्यातल्या समा भागातल्या आमच्या भाड्याच्या टेनामेंटमधून, म्हणजे बैठ्या घरातून, पुराचं पाणी नुकतंच उतरलेलं आणि मी चिखलात उभी राहून दिवाणाचं झाकण उचकटत होते. लाकूड फुगल्यामुळे ते निघेचना, शेवटी मुलाने पहार घातली. आत काय, तर लग्नापासूनचे आहेर. लेमन सेट सात, त्यातले पाच खोक्यातून बाहेरही न निघालेले, भिंतीवरची घड्याळं चार, कॅसरोलचे सेट, राधाकृष्णाच्या फ्रेमा, एक डिनर सेट जो "स्वतःच्या घरात गेलो की काढू" म्हणून अठरा वर्षं ठेवला होता, आणि सगळ्यात खाली बेडशीटांचे गठ्ठे. काच फुटलेली, पुठ्ठे विरघळलेले, सगळ्यावर तो काळा चिखल. कचरा न्यायला ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी उभा होता, मी एकेक वस्तू त्यात टाकत गेले आणि टाकताना आठवत होते की हे कोणी दिलं होतं बरं, आणि बहुतेक वस्तूंचं मला आठवेचना. वस्तू गेल्याचं मला तितकं वाटलं नाही, पण कोणी कोणी आपल्या घरखर्चातून पैसे काढून माझ्यासाठी काहीतरी आणलं आणि मी ते उघडूनसुद्धा पाहिलं नाही, ह्याचं फार वाईट वाटलं.

बडोद्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. त्या वर्षी जन्माष्टमीला पाऊस लागला तो थांबायचं नाव घेईना, सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेलं आजवा सरोवर भरलं, आणि विश्वामित्री नदी तर गावाच्या मधूनच वाहते. तिची धोक्याची पातळी २५ फूट, तेव्हा पाणी ३५ च्याही वर गेलं. समा, अकोटा, वडसर, फत्तेगंज, सगळीकडे पाणीच पाणी, त्यात मगरी सोसायट्यांमधून फिरत होत्या ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. आमच्याकडे कमरेपर्यंत पाणी होतं. समोरच्या मासींचं दुमजली घर, त्यांनी आम्हाला चौघांना वर ओढून घेतलं, तीन दिवस लाईट नाही, तीन दिवस आम्ही त्यांच्याकडे खिचडी-कढी खाल्ली, त्यांचं स्वतःचंही खालचं सगळं बुडालेलं असताना. पाणी उतरल्यावर ह्यांच्या ऑफिसातले एक जण प्रेशर पंप घेऊन आले आणि दिवसभर आमच्या भिंती धूत राहिले. रावपुऱ्यातल्या माझ्या मैत्रिणीने आमच्या ओल्या रजया नेल्या, आठवड्याने वाळवून, ऊन दाखवून, घड्या घालून परत दिल्या. गणपती दहा दिवसांवर आले होते, आमच्याकडे पाट पण नव्हता, तो कोणी आणून ठेवला ते आजही नक्की माहीत नाही.

तर भायलीच्या बाजूला आम्ही फ्लॅट बुक केलेला होताच, तिसऱ्या मजल्यावर. ताबा मिळाला दिवाळीनंतर, आणि वास्तुशांतीचा मुहूर्त निघाला फेब्रुवारीत, माघातला. मी म्हटलं जेवण मोठं करायचं, ह्या सगळ्यांना बोलवायचं, आणि कोणाकडून काहीही घ्यायचं नाही. कारण साधं होतं, ह्या लोकांनी आमच्यासाठी इतकं केलं होतं की ह्या वेळी द्यायची पाळी आमची होती, आणि त्यांनी येताना पाकीट आणलं असतं तर आमचं देणं तसंच राहिलं असतं.

हे लगेच हो म्हणाले. सासूबाई गप्प बसल्या.

सासूबाईंची एक वही आहे, लाल पुठ्ठ्याची. १९८३ साली लग्न होऊन बडोद्यात आल्या, दांडिया बाजारच्या जुन्या घरात, तेव्हापासूनची. पुराच्या रात्री आम्ही समोर गेलो तेव्हा देव, कागदपत्रांचा डबा आणि ती वही एवढंच त्यांनी पिशवीत घेतलं होतं. एका ओळीत नाव, प्रसंग, त्यांनी आपल्याला काय दिलं, पुढे आपण त्यांना काय दिलं, आणि फिटलं की शेवटी बरोबरची खूण. खरं सांगते, मला ती वही कधी आवडली नाही. नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं हा काय दुकानासारखा हिशोब. म्हणून मला वाटलं त्यांची नाराजी पैशाची आहे, की इतकी वर्षं इतक्या लग्नामुंजींना दिलं ते आता परत यायच्या वेळी सून दार लावून घेतेय.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना त्या आपणहून बोलल्या. म्हणाल्या, "मला काही परत नकोय गं. पण ज्यांना द्यायचंय त्यांचं काय?" मला कळलंच नाही. मग त्यांनी वही आणली आणि एक ओळ दाखवली. दांडिया बाजारातल्या शेजारच्या काकू, त्यांच्या मुलीच्या लग्नात, २००९ साली, सासूबाईंनी चांदीची वाटी आणि ११०० रुपये दिले होते. त्यानंतर काका गेले, काकू एकट्या राहिल्या, आणि आमच्याकडे तेव्हापासून वहीत लिहावं असं कार्यच झालं नाही, भाड्याच्या घरात आलो तेव्हा फक्त घरच्या घरी पूजा केली होती. "ती गेली पंधरा-सोळा वर्षं मला भेटली की एकदा तरी म्हणते, तुझ्याकडचं कार्य कधी निघतंय. तिला माझं फेडायचंय. तू तिला सांगणार आहेर आणू नकोस, म्हणजे तिने ते डोक्यावर घेऊनच बसायचं का?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण "काही आणू नका" म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं आपण समोरच्याचं ओझं कमी करतोय, पण ज्याच्या मनात कधीचं देणं आहे त्याचं ओझं तर आपण वाढवतोय, त्याला मोकळं व्हायचा रस्ताच बंद करतोय. त्या वहीकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. कित्येक ओळींना खूण नव्हती. त्यात आम्ही देणं लागत होतो असेही होते, आणि त्यातल्या दोन घरांतली माणसंच आता राहिली नाहीत.

मग काकूंकडे फोनवर बोलायचं नाही असं ठरलं, आम्ही दोघी अक्षत घेऊन गेलो. चहा झाला, मी सगळं सांगितलं, पुराचं, मासींचं, दिवाणातल्या खोक्यांचं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मला रिकाम्या हाताने बोलावतेस." मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "रिकाम्या हाताने कशाला, नैवेद्याचं पुरण कोण वाटणार आहे?" काकूंचं पुरण आमच्या सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहे, जायफळ जरा सढळ हाताने. काकूंनी विचारलं किती, सासूबाई म्हणाल्या पुरणावरणाचा नैवेद्य आणि आलेल्या प्रत्येकाला अर्धी का होईना पोळी, म्हणजे तीन किलो डाळ तरी. पंचाहत्तरीच्या बाईला तीन किलोचं पुरण सांगणं मला बरं वाटेना, मी मधे बोलायला गेले तर सासूबाईंनी माझा हात दाबला. काकू म्हणाल्या, "डाळ माझी, गूळ माझा, पुरणयंत्र माझंच आणीन. आदल्या दिवशी सकाळी गाडी पाठवा." उतरताना जिन्यात सासूबाई म्हणाल्या, आता ती येईल. नुसतं आहेर नको म्हटलं असतं तर आलीच नसती, तब्येतीचं काहीतरी सांगितलं असतं.

आता निमंत्रणाचं. मला वाटलं होतं हे सगळ्यात सोपं असेल, एक ओळ टाकली की झालं. आमच्या गुजराती शेजाऱ्यांच्या बाबतीत खरंच तसंच झालं. गुजराती पत्रिकांवर एक ठरलेली ओळ असते, ‘चांदलो प्रथा बंध राखेल छे’, चांदलो म्हणजे आपला पाकिटातला आहेर. ती ओळ छापली की विषय संपला, लोक ते नियमासारखं घेतात, कोणाला राग नाही, कोणी आग्रह करत नाही, ह्यांच्या ऑफिसातल्यांनी वाचलं आणि "सारू" म्हणून मोकळे झाले. मराठीत आपल्याकडे इतकी पक्की ओळ नाही असं माझं मत झालंय. ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ लिहिलं की लोक ते पत्रिकेच्या गणपतीसारखंच धरतात, असतंच ते, आणि पाकीट घेऊन येतात. ‘कृपया आहेर आणू नये’ थोडं बरं, पण आपल्यात तोंडदेखलं नको म्हणायची इतकी सवय आहे की त्याचाही अर्थ, असं म्हणायची पद्धत असते, एवढाच घेतात. मी मसुदा केला, मुलाने व्हॉट्सअॅपसाठी सुंदर डिझाइन केलं, पाठवलं, आणि दोन दिवसांत चार फोन आले की "ते ठीक आहे, पण तुम्हाला गरज कशाची आहे ते सांग."

आणि तो प्रश्न चुकीचा नव्हता. पुरात आमचा फ्रीज, वॉशिंग मशीन, गाद्या, सगळं गेलं होतं, लोकांना माहीत होतं. एकाने तर स्पष्ट विचारलं की तुमचं एवढं नुकसान झालंय, मग आम्ही थोडा हातभार लावला तर त्यात कमीपणा कसला? कमीपणा नाहीच. पण हातभार लागायचा तेव्हा लागला होता, तो आम्ही दोन्ही हातांनी घेतला होता. हे जेवण त्या हातभाराचं होतं.

म्हणून मी बसून सगळ्यांना फोन केले. चौतीस घरं, चार संध्याकाळी गेल्या, पण ह्याला दुसरा मार्ग नाही असं मी आज कोणालाही सांगेन. हळूहळू कळलं काय बोलायचं. "आम्हाला नको" असं म्हटलं की समोरच्याला आपलं नाकारल्यासारखं वाटतं. त्याऐवजी मी म्हणायचे, "तुम्ही पुरात आमच्यासाठी केलंत, आता एकदा आम्हाला करू द्या, पाकीट आणलंत तर आमचं राहून जाईल हो." हे लोकांना पटायचं, पलीकडे जरा शांतता व्हायची आणि मग "बरं, येतो" असं यायचं. ज्यांचा पुराशी काही संबंध नव्हता, लांबचे नातेवाईक वगैरे, त्यांना मी दिवाणाची गोष्ट सांगायचे आणि म्हणायचे की ह्या घरात आम्ही मुद्दाम सामान कमी ठेवतोय, माळासुद्धा बांधून घेतला नाही. तेही खरंच होतं.

एक चुलत नणंद मात्र रागावली. ती म्हणाली, "आहेर नको म्हणजे उद्या आमच्याकडे कार्य असलं की तुम्हालाही द्यायला नको, असंच ना?" हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पण लोक असाही अर्थ काढू शकतात, आणि काढला तर त्यांना दोष देता येत नाही, कारण घेणं बंद करून देणंही गुपचूप बंद करणारे असतातच. मी तिला सांगितलं, ताई, तुमच्याकडे जे चालतं ते आम्ही करणार, ही आमच्या घरची ह्या वेळेची गोष्ट आहे. तेव्हा तिला ते पूर्ण पटलं नाही, आवाजावरून कळत होतं.

एक चूक माझी झाली ती सांगते. रिकाम्या हाताने देवाच्या कार्याला कसं यायचं असं बऱ्याच जणी म्हणाल्या, विशेषतः मोठ्या बायका, तर मी म्हटलं फारच वाटलं तर एक नारळ आणा. सासूबाईंनी तेव्हाच सावध केलं होतं की ज्याला तू हो म्हणशील तेच सगळे आणतील. तसंच झालं, सदतीस नारळ आले. त्यापेक्षा एक फूल म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या नारळांचं पुढे चांगलं झालं, ते सांगते नंतर.

आता माहेरचं. माझा दादा सुरतला असतो. वास्तुशांतीला पूजेला बसताना माहेरचा आहेर हा आपल्याकडे ठरलेला, आणि दादाने मला न सांगता हप्त्याने फ्रीज बुक करून टाकला होता. मी फोनवर नको म्हटलं तर तो एकदम गप्प झाला, मग म्हणाला, "आई असती तर तिलाही असंच सांगितलं असतंस?" त्या रात्री मला झोप लागली नाही. मी गुरुजींना विचारलं की माहेरचं घेतलंच पाहिजे असं शास्त्र आहे का. गुरुजी म्हणाले, ही रीत आहे, विधी नाही, पण रीत मोडायची तर ती ज्याची आहे त्याला विचारून मोडा. म्हणून मी दादाला परत फोन केला आणि विचारलं, तुझ्या मनात काय आहे ते सांग. तो म्हणाला, तू माहेरची साडी नेसून पूजेला बसावंस, बाकी मला काही नाही. मग तेवढं ठरलं. साडी आणि ह्यांना धोतर-उपरणं त्याच्याकडून घेतलं, फ्रीज त्याने रद्द केला, आम्ही नवीन घेतलेलाच होता. मी माझाच नियम तिथे मोडला आणि त्याचा मला आनंद आहे, ती साडी मी पूजेनंतर दिवसभर बदलली नाही. वर तो दोन दिवस आधी आला आणि घरातली सगळी फडताळं, पडद्यांचे रॉड, देवघराची फळी, स्वतः ड्रिल घेऊन लावून दिली. भिंतीत एकही भोक वाकडं नाही.

पूजेबद्दल थोडक्यात. सकाळी साडेसातला सुरू झाली, गणेशपूजन, पुण्याहवाचन, नांदीश्राद्ध, मग वास्तुमंडल मांडून नवग्रह आणि होम. फ्लॅटमध्ये प्रश्न दोनच येतात. एक म्हणजे वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेयेला ठेवायची ती कुठे, तर आमचं स्वयंपाकघर त्याच कोपऱ्यात आहे, ओट्याखालची एक टाईल आधीच काढून ठेवली होती, मिस्त्रीला टाईल बसवतानाच सांगून ठेवलेलं बरं, नंतर फोडावी लागते. दुसरा प्रश्न होमाच्या धुराचा, मजल्यावरच्या सगळ्यांना आदल्या दिवशी सांगून आलो आणि खिडक्या उघड्या ठेवल्या. घराभोवती सूत गुंडाळायचं आणि दुधा-पाण्याची धार धरायची ती तिसऱ्या मजल्यावर बाहेरून कशी धरणार, म्हणून आतून भिंतींच्या कडेने फिरलो. दूध उतू गेलं तेव्हा शेजारच्या फ्लॅटमधली सगळी मुलं स्वयंपाकघरात येऊन उभी होती.

जेवण गच्चीवर, सोसायटीच्या परवानगीने. नव्वद माणसं धरली होती, ब्याण्णव झाली. स्वयंपाकाला महाराज, म्हणजे आचारी, लावले होते पण वाढायला आम्ही घरचेच, ते मी पक्कं ठरवलं होतं, बुफे नाही, पंगत. सतरंज्या, समोर पाट नाहीत पण केळीची पानं खंडेराव मार्केटमधून आणलेली, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, बटाट्याची भाजी आणि पात्रा, म्हणजे आपली अळूवडी, उजवीकडे, वरणभात-तूप, मसालेभात, मठ्ठा, आणि काकूंची पुरणपोळी. पहिल्या पंगतीला समाची सगळी गल्ली. मासींना पंगतीची सवय नव्हती, त्या विचारत होत्या आधी काय खायचं, मग सासूबाई त्यांच्या शेजारीच बसल्या. मी तूप वाढायला गेले तेव्हा मासी माझा हात धरून म्हणाल्या, "आटलुं बधुं? अमे तो खिचडी ज आपी’ती." म्हणजे, एवढं सगळं? आम्ही तर खिचडीच दिली होती. मला काही बोलता आलं नाही, मी आणखी एक चमचा तूप वाढलं.

पाकिटं आलीच, इतकं सांगूनही. सात. ह्याची तयारी सासूबाईंनी केलेली होती आणि ती मला फार उपयोगी वाटली म्हणून लिहितेय. पहिलं म्हणजे आहेर ठेवायचं टेबल कुठेही मांडायचं नाही, टेबल दिसलं की लोकांना वाटतं घेतायत. दुसरं, नाही म्हणायचं ते चारचौघांत नाही. ज्याने पाकीट काढलं त्याला सासूबाई हळदीकुंकवाच्या निमित्ताने किंवा प्रसाद देते म्हणून आत घेऊन जायच्या, पाकीट हातात घ्यायच्या, कपाळाला लावायच्या, त्यावर चिकटवलेला एक रुपया काढून घ्यायच्या आणि नोटांसकट पाकीट परत हातात ठेवायच्या. "शकुनाचा रुपया घेतला, आशीर्वाद पोचला." सातही जणांनी पाकीट परत घेतलं, एकालाही वाईट वाटलं नाही, उलट दोघी हसत बाहेर आल्या. मुलांवर हे काम टाकू नका, माझ्या मुलाने एका आजोबांना दारातच "नाही नाही, अलाउड नाही" म्हटलं आणि ते अवघडून उभे राहिले, मला धावत जावं लागलं.

ह्यांचे एक मित्र लीलो चेवडोचं, म्हणजे इथल्या ओलसर चिवड्याचं, मोठं पाकीट घेऊन आले आणि म्हणाले हे गिफ्ट नाही, हे खायचं आहे. ते लगेच उघडून मुलांना वाटून टाकलं.

आणि आमच्या समाच्या घरी काम करायच्या त्या ताई. त्यांची वस्ती नदीकाठी, त्यांचं आमच्यापेक्षा कितीतरी जास्त गेलं होतं, भांड्यांसकट. त्या आल्या त्या नवा स्टीलचा तांब्या घेऊन, त्यावर माझ्या मुलाचं नाव कोरून घेतलेलं. मी आत वळणारच होते सासूबाईंना बोलवायला, रुपया काढून परत द्यायची तीच पद्धत करू म्हणून, तर सासूबाईंनी डोळ्यांनीच थांबवलं. नंतर म्हणाल्या, बाकीच्यांचं परत केलं तर ते समजून घेतील, तिचं परत केलंस तर तिला वाटेल माझं कमी पडलं म्हणून दिलं. तांब्या घेतला, आम्ही दोघी तिच्या पाया पडायला वाकलो तर ती मागे सरली. तिला माझ्या शेजारी पानावर बसवलं, शेवटच्या पंगतीला, घरच्यांबरोबर. तांब्या देवघरात आहे, रोजचं पूजेचं पाणी त्यातच भरतो.

संध्याकाळी झाडताना चौरंगाखाली एक पाकीट सापडलं, आत पाचशेची नोट, नाव नाही. कोणी हळूच ठेवून गेलं असणार. आम्ही अंदाजाने दोघांतिघांना विचारलं, कोणी कबूल होईना. ते पाकीट देवाजवळच ठेवलंय.

सदतीस नारळांपैकी पाच देवळात दिले, बाकीचे सासूबाई, काकू आणि मी दोन दिवस खवत बसलो. काकू घरी गेल्याच नव्हत्या, आणखी राहिल्या. नारळाच्या वड्या केल्या, साखरेतल्या आणि गुळातल्या, आणि ज्यांनी नारळ आणला होता त्यांना, मजल्यावरच्या सगळ्यांना आणि समाच्या गल्लीत प्रत्येक घरी डबा भरून पाठवला. परतीची भेट म्हणून ब्लाउजपीस आणि प्लास्टिकचे डबे आणायचे नाहीत असं आधीच ठरलं होतं, पण प्रसाद कोणी नाही म्हणत नाही.

काकूंना सोडायला निघालो तेव्हा सासूबाईंनी वही काढली. २००९ च्या त्या ओळीपुढे खूण करणार तर काकू म्हणाल्या, "नुसती खूण नको करू, पुरण लिही." सासूबाईंनी लिहिलं, पुरण, तीन किलो डाळीचं, वास्तुशांत, आणि मग बरोबरची खूण केली. काकूंनी चष्मा लावून वाचून पाहिलं.

त्या चुलत नणंदेच्या मुलाची मुंज वैशाखात आहे. तिच्या पत्रिकेवर आहेराबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणजे घेणार आहेत. मी फोन करून विचारलं बटूला काय हवंय, ती म्हणाली सायकल घेतोय आम्ही, त्यात घाला. पाकीट भरून कपाटात ठेवलंय, वर एक रुपया चिकटवून.